आधी सात दिवस, मग पैसे



मागे एका रविवारी वंदना आटोपल्यावर वस्तीतील एक ताई आम्हांस भेटल्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात. थोरला मुलगा बारावी होऊन गोदामात कामाला लागला आहे. चारचौघांत बोलायचे म्हटले की त्याची बोबडी वळते. मोबाइलवर व्यक्तिमत्त्व विकास शिकविणारा एक अभ्यासक्रम त्याने पाहिला. फी नऊ हजार, तीही हप्त्याने. धडे आपल्या सोयीने केव्हाही पाहावेत, अशी जाहिरात. ताईंनी विचारले, "भाऊ, घेऊ का?"

आम्ही हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून हिताचे असेल तेच घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. जाहिरातीलाही हीच कसोटी लावावी.

शाळेत घंटा असते, गुरुजी असतात, शेजारी सोबती असतो. येथे घंटाही आपण आणि गुरुजीही आपणच. एका खोलीत सहा माणसे आणि पाळीचे काम असले की 'केव्हाही'चे 'कधीच नाही' व्हायला वेळ लागत नाही. मग मुलगा स्वतःलाच मठ्ठ समजू लागतो. नऊ हजारांपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी तपासा. एक, सात दिवस रोज अर्धा तास ठरल्या वेळी एखादे पुस्तक घेऊन बसून पाहा. निदान पाच दिवस जमते का? दोन, अडले तर विचारायचे कोणाला? तीन, आजारपणाने खंड पडला तर पुढे चालू करता येते का, पैसे परत मिळतात का? चार, शिकून नेमके काय जमायला हवे, ते एका वाक्यात सांगता येते का?

खंड पडणे ही लाज नव्हे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडावा लागला. पण परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

अति ताणणेही बरे नव्हे. सोण भिक्खू अतिश्रमाने खचला, तेव्हा भगवंतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो.

ताईंच्या मुलाला सातांपैकी तीनच दिवस जमले. रात्रपाळी आड आली. त्याला एकट्याने शिकणे नव्हे, सोबत हवी होती. आता तो आणि दोन मित्र दर रविवारी विहारात बसतात, प्रत्येकजण पाच मिनिटे उभा राहून बोलतो. खर्च शून्य. परवा त्याने पाहुण्यांचा परिचय करून दिला. हात थरथरत होते, पण वाक्य पुरे झाले.

ज्यांना घरात निवांत तास मिळतो आणि ठरलेली वेळ पाळण्याची सवय आहे, त्यांनी असा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. परंतु घरच्या घामाचा पैसा भरण्यापूर्वी सात दिवस स्वतःची परीक्षा घ्या. या परीक्षेला फी नाही.

जयभीम!