आकृती पाठ, डोंगर अनोळखी

‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा.’ या एका प्रश्नाने आपल्या मुलांच्या निरीक्षणशक्तीचे अपरिमित नुकसान केले आहे. प्रतिरोध पर्जन्याचीच आकृती घ्या. त्रिकोणी डोंगर, एका अंगाला तिरप्या रेषा, दुसरीकडे ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’. महाबळेश्वरचा विद्यार्थीही ती मुकाट उतरवून काढतो. वस्तुतः तो त्या आकृतीतच राहतो! सुमारे १,३७० मीटर उंचीवरील त्याच्या गावी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पसरणीचा घाट उतरून वाईला यावे, तर तो १,००० च्याही आत.

पंचगंगा मंदिरातील गोमुखाचे तीर्थ आपण भक्तिभावाने घेतो. त्यातली सावित्री पश्चिमेस अरबी समुद्राला मिळते, कृष्णा पूर्वेस बंगालच्या उपसागराला. जलविभाजकाचे याहून बोलके चित्र कोणते पुस्तक देणार? शिक्षकांनी मुलांना आर्थर सीटवर न्यावे (नावाचा विषय तूर्त बाजूला ठेवू), कड्यातले बेसॉल्टचे थर मोजू द्यावेत, आधी डोळ्यांना दिसते ते काढू द्यावे आणि मगच पुस्तक उघडावे. रेषा वाकड्या येतील, येवोत. वाई आणि महाबळेश्वर येथील शिक्षक-कार्यकर्त्यांनी येत्या जूनपासून शाळेत पर्जन्यमापक ठेवून परस्परांना रोजचे आकडे कळवावेत. आलेख मुलेच काढतील.