दक्षिणेचा हेल

दिवाळीच्या सुटीत नातू घरी आला होता. दुपारी सारे निजलेले पाहून तो माडीवर काहीतरी ऐकत बसला होता. गाणे म्हणावे तर त्यात सूर नाही आणि भाषण म्हणावे तर ताल सुटत नाही, असा तो प्रकार. आवाज कमी कर, असे सांगायला मी वर गेलो आणि थबकलो. गाणारा प्रत्येक ओळीच्या शेवटी 'हा' असा एक हुंकार टाकीत होता; जणू समोरच्याला विचारीत होता, असेच आहे ना रे तुझे?

"आजोबा, तुम्हाला हे आवडायचे नाही," नातू म्हणाला.

"आवडीचे मागाहून पाहू. पुन्हा लाव."

त्यानंतर मी या गाण्याची जी माहिती मिळवली, ती आपल्यासारख्या घरांनी ऐकण्याजोगी वाटली, म्हणून हा लेखनप्रपंच.

गाणाऱ्याचे नाव जुव्हेनाइल. अमेरिकेच्या दक्षिणेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, मॅग्नोलिया नावाच्या सरकारी चाळवस्तीत तो वाढला. '४०० डिग्रीज' हा त्याचा अल्बम नोव्हेंबर १९९८ मध्ये निघाला आणि सुमारे वर्षभरात त्याला ४० लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले. या आकड्याचे मोल कळण्यासाठी थोडी पूर्वपीठिका हवी.

रॅप हा प्रकार १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मला. पुढे लॉस एंजेलिसने त्यात आपला वाटा मिळवला. दक्षिणेकडच्या मंडळींना मात्र या दोन्ही शहरांच्या लेखी गावठीच समजले जाई. १९९५ साली न्यूयॉर्कच्या एका पारितोषिक समारंभात अटलांटाच्या 'आउटकास्ट' या जोडीचे नाव पुकारले गेले, तेव्हा सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. दक्षिणेलाही काही सांगावयाचे आहे, एवढेच त्यांच्यातल्या एकाने उत्तर दिले आणि तो खाली उतरला.

अशा वेळी दोन वाटा असतात. राजधानीची बोली घोटून घ्यावी, किंवा आपल्या बोलीतच बोलत राहावे. पहिली वाट आपल्या परिचयाची आहे. लहानपणी पुण्याला लग्नकार्यास गेलो की आमच्या इंदुरी मराठीतला हिंदीचा हेल ऐकून पाहुणे गालातल्या गालात हसत. कोणी वाईट बोलत नसे. पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही जपून बोलू लागत असू.

जुव्हेनाइल जपून बोलला नाही. त्याचे उच्चार न्यूयॉर्कच्या श्रोत्यालाही एका दमात कळत नसत. वस्तीतले शब्द, वस्तीतल्या खोड्या, वस्तीतली उसनवारी, सारे जसेच्या तसे. त्या 'हा'च्या गाण्यात तो स्वतःची बढाई मारीत नाही. शेजाऱ्याला त्याचेच आयुष्य मोजून दाखवतो. त्याचे चित्रणही मॅग्नोलियाच्याच आवारात झाले. याच अल्बममध्ये त्या गाण्याची दुसरी आवृत्ती आहे आणि तीत न्यूयॉर्कचा विख्यात जे-झी पाहुणा म्हणून येतो. ज्यांनी हसावयाचे, तेच आता पंक्तीला आले होते.

तालाची गोष्ट तर याहून मौजेची. न्यू ऑर्लिन्समध्ये 'बाउन्स' नावाचे नाचाचे संगीत आहे. त्याचा पाया म्हणजे 'शोबॉइज' या न्यूयॉर्कच्याच मंडळींची १९८६ ची एक रेकॉर्ड. तिचे स्वतःच्या गावी फारसे कौतुक झाले नाही. दक्षिणेने ती उचलली, घासूनपुसून आपली केली आणि तिच्यावर गल्लोगल्ली मेळे नाचवले. मॅनी फ्रेश या वादकाने त्याच मुशीतून या अल्बमचे संगीत घडवले. जी वस्तू मूळ गावी अडगळीत पडते, ती दूरच्या वस्तीत देव्हाऱ्यात सापडावी, हे आपल्याला नवे नाही.

आता या अल्बमच्या वैगुण्याविषयी. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचे नाव या पानावर छापण्याजोगे नाही. स्त्रीकडे पाहण्याची तिथली दृष्टी मला मुळीच मानवत नाही, आणि कलेच्या नावाखाली तिच्यावर पांघरूणही घालावयाचे नाही. तथापि लावणीला मान डोलवायची आणि गाणारीला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हा खेळ आपणही खेळलो आहोत. तेव्हा न्यायासनावर बसताना जरा अवघडायला होते.

पैशाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. हा अल्बम काढणारी 'कॅश मनी' ही न्यू ऑर्लिन्समधल्याच दोन भावांनी १९९१ साली काढलेली कंपनी. १९९८ मध्ये तिने 'युनिव्हर्सल' या बड्या कंपनीशी करार केला. त्याची रक्कम ३ कोटी डॉलर असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. त्याहून मोठी गोष्ट ही, की मूळ मुद्रणांची मालकी भावांनी स्वतःकडे ठेवली. गावची वस्तू गावच्या नावावर राहिली. परंतु गाव म्हणजे सर्वांचे नव्हे. पुढे थोड्याच वर्षांत पैशाच्या वादावरून जुव्हेनाइल त्या कंपनीतून बाहेर पडला. परक्याच्या हातून सुटलेली मालकी आपल्याच माणसांत कशी वाटली जाते, हा प्रश्न चाळीस लाख प्रतींनी सुटत नाही.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कट्रिना वादळ आले. बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. माणसे ह्यूस्टन, अटलांटा, जिकडे वाट फुटेल तिकडे पांगली. पुष्कळ जण परतलेच नाहीत. डिसेंबर २००७ मध्ये नगर परिषदेने चार सरकारी वस्त्या पाडण्यास एकमताने संमती दिली. मॅग्नोलिया त्यांपैकी एक. आज त्या जागी नवी घरे आहेत आणि वस्तीचे नावही बदलले आहे.

नातवाने मला नंतर २०२३ सालचा एक कार्यक्रम दाखवला. वॉशिंग्टनच्या एका नभोवाणी केंद्राच्या कचेरीत, पुस्तकांनी भरलेल्या मेजामागे, आता प्रौढ झालेला जुव्हेनाइल तीच गाणी गात होता. साथीला व्हायोलिने, ट्रॉम्बोन आणि तोच जुना मॅनी फ्रेश. कचेरीतली मंडळी ओळ न ओळ त्याच्याबरोबर म्हणत होती. ज्या आवारात ती बोली बोलली जाई, ते आवार उरलेले नव्हते. बोली मात्र तोंडपाठ होती, तीही ज्यांनी ते आवार कधी पाहिले नाही त्यांना.

खपाचे आकडे वर्षा-दोन वर्षांत शिळे होतात. या अल्बमचे खरे यश मला यात दिसते, की एका वस्तीने स्वतःचा हेल लपवला नाही आणि तो वेळीच मुद्रित करून ठेवला. संकट येण्याआधी सात वर्षे. ते येणार हे कोणालाच ठाऊक नसताना.

नातू निघाला त्या दिवशी त्याने विचारले, "आजोबा, पणजीचा आवाज आहे का हो कुठे?" आमची आई शेवटपर्यंत अस्सल इंदुरी मराठी बोलली, पुण्याच्या पाहुण्यांसमोरदेखील. घरात रेकॉर्डे पुष्कळ आहेत. त्यांत तिचा आवाज नाही.