पुतळी मुशीत जाण्यापूर्वी

जळगावच्या सुवर्णपेठेचा लौकिक चोख सोन्यासाठी आहे. तेथे जुना दागिना मोडीस आला की कस पाहावा, वजन करावे आणि त्या दिवसाच्या भावाने रक्कम चुकती करावी, ही रीत. व्यवहार म्हणून तीत गैर काही नाही. परंतु दागिना पुतळ्यांची माळ असेल, तर या हिशेबातून एक मोठी बाब सुटते.

पुतळी हे नाव नाण्यावरील मानवाकृतींवरून पडले. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ पासून १७९७ मधील आपल्या अस्तापर्यंत पाडलेल्या सोन्याच्या डुकॅटवर एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आणि दुसऱ्या बाजूस ख्रिस्त आहे. पाच शतके त्याचे वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि कस जवळजवळ शंभर नंबरी राहिला. दख्खनी होनाचे वजनही साधारण तेवढेच. त्यामुळे हे परकी नाणे येथे सहज रुळले. पोर्तुगीजांनी तर १५१० मध्ये गोव्यातच टांकसाळ घालून आपल्या राजाच्या नावे सोन्याचे नाणे पाडले.

हे सोने येथे का आले? भारताचे कापड, नीळ व मिरी युरोपास हवी होती. मोबदल्यात देण्याजोगा माल त्याच्याकडे फारसा नव्हता. म्हणून सोन्याचांदीने किंमत मोजावी लागली. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा व्यापारी मार्ग नवापूर-नंदुरबारवरून, म्हणजे खानदेशातूनच जात होता. मोगल मुलखात परकी नाणी टांकसाळीत आटवून नव्याने पाडली जात. जी वाचली, त्यांतील बरीचशी स्त्रियांच्या गळ्यात गेल्यामुळे वाचली.

ही नाणी दोन ठशांमध्ये सोन्याची चकती ठेवून, वरून घण घालून पाडलेली. कोठे ठसा सरकलेला, कोठे अक्षरे कडेबाहेर गेलेली. दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. राज्यप्रमुखाच्या नावावरून नाण्याचा काळ ठरतो. येथील सोनारांनी केलेल्या नकलांत ती अक्षरे निरर्थक रेघा बनली. पण नक्कल झाली, यावरूनच मूळ नाण्याची पत कळते. मुशीत सोने उरते, हा पुरावा मात्र कायमचा जातो.

नाणेसंग्रह हा श्रीमंतांचा छंद आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. लग्नासाठी वा आजारपणासाठी माळ मोडणाऱ्या कुटुंबाला इतिहासाचे धडे देणे हा उद्धटपणाच ठरेल. परंतु अस्सल नाण्यास संग्राहक सोन्याच्या भावाहून अधिक किंमत देतो. म्हणजे अज्ञानाने नुकसान होते ते प्रथम त्या कुटुंबाचेच. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावशेष ठरते. त्याच्या व्यापारास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ते परदेशी धाडता येत नाही. तथापि घरातली पुतळी मुशीत गेली, तर कोणत्याही दप्तरास त्याचा पत्ता लागत नाही.

उपाय खर्चाचा नाही. आटवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, व्यास आणि माळ कोणत्या गावची, एवढी नोंद सराफाने ठेवावी. महाविद्यालयांच्या इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी त्या नोंदी एकत्र कराव्यात. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि नाशिकजवळील अंजनेरीची नाणेशास्त्र संस्था यांचे मार्गदर्शन हाकेच्या अंतरावर आहे. कागदपत्रे घरोघर हिंडून वाचवावी लागतात, हे राजवाड्यांनी महाराष्ट्रास शिकवले. नाणी हीही कागदपत्रेच आहेत. फरक इतकाच की त्यांना वाळवी लागत नाही, भाव लागतो.