श्वास कोंडणारी घरे

पाळण्यात झोपलेल्या तान्ह्या मुलाचे पोट संथपणे वर येते आणि खाली जाते. त्याची छाती फारशी हलत नाही, खांदे तर मुळीच हलत नाहीत. श्वास कसा घ्यावा हे त्याला कोणी शिकवलेले नसते. तेच मूल पंचविशीचे झाल्यावर त्याला 'मोठा श्वास घे' म्हणून पाहा. पुष्कळदा त्याचे खांदे वर चढतात, मान ताठ होते, गळ्याच्या शिरा फुगतात आणि पोट नेमके आत ओढले जाते. जे जन्मतः येत होते त्याचा इतका विसर पडतो, की पुढे पैसे मोजून शिबिरात तेच शिकावे लागते. हा विसर केवळ वाढत्या वयाने पडत नाही. बैठे काम आणि दुखणी यांचा त्यात हात असतो, हे खरे. पण त्याहून मोठा हात आपला आहे. वळण, शिस्त, मर्यादा, धाक अशा भारदस्त नावांनी आपण पिढ्यानपिढ्या माणसांची पोटे आवळत आलो आहोत. या आरोपातून मी स्वतःला वगळत नाही आणि वाचकांनीही स्वतःला वगळू नये.

आधी शरीराचा साधा हिशेब समजून घेऊ. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक घुमटाकार पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना तो खाली सरकतो, पोटातील अवयव पुढे ढकलले जातात, म्हणून पोट फुगते आणि हवा फुफ्फुसांच्या तळापर्यंत पोचते. शांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा असते. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिका यांतच राहते. रक्ताला तिचा काही उपयोग होत नाही. मिनिटाला १२ श्वास घेणाऱ्याने ६ लिटर हवा आत घेतली, तर वायुकोशांपर्यंत ४.२ लिटर जाते. तीच ६ लिटर हवा ६ संथ आणि खोल श्वासांत घेतली तर ५.१ लिटर जाते, आणि २० उथळ श्वासांत घेतली तर अवघी ३ लिटर. म्हणजे उथळ श्वास घेणाऱ्याला तेवढ्याच प्राप्तीसाठी अधिक वेळा छाती हलवावी लागते. मानेचे आणि खांद्यांचे जे स्नायू अडीअडचणीला मदतीला यायचे, ते दिवसभर राबतात आणि संध्याकाळी दुखू लागतात. उलट, उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती किंचित मंदावते, मेंदूकडून पोटापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू आपले शांतवण्याचे काम करू लागतो आणि ताठलेले शरीर सैल पडते. यात चमत्कार कसलाही नाही. ही देणगी प्रत्येकाला जन्मतः मिळालेली आहे. मग ती हिरावली कोणी?

भीती वाटली की माणसाचे पोट घट्ट होते आणि श्वास छातीत वर चढतो. हा शरीराचा धर्म आहे. संकट टळले की तो ओसरावा अशीच निसर्गाची योजना आहे. परंतु आपण घर नावाच्या जागेतच संकट कायमचे वसवून ठेवले. वडिलांच्या चपलांचा आवाज दारात आला की घर चिडीचूप व्हायचे, खेळणारी पोरे पुस्तके उघडून बसायची, स्वयंपाकघरातले बोलणे कुजबुजीवर यायचे, ही आठवण आपण लाजेने सांगत नाही, अभिमानाने सांगतो. 'काय धाक होता हो त्यांचा!' असे म्हणताना आपले डोळे कौतुकाने चमकतात. त्या धाकाखाली वाढलेल्या माणसाला पन्नाशीतही साहेबाच्या दालनात शिरताना श्वास का अडतो, हे विचारायचे मात्र आपल्याला सुचत नाही. शाळेतही हेच. हाताची घडी, तोंडावर बोट, आणि पुढे फळ्यापाशी उभे राहून सर्वांदेखत चुकणारे मूल. ते मूल तेव्हा उत्तर आठवत नसते. श्वास रोखून मार केव्हा बसेल किंवा हसे केव्हा होईल याची वाट पाहत असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. पण आपण पालक म्हणून आजही गुरुजींना जाऊन सांगतो, 'जरा धाकात ठेवा त्याला.' कायदा एका दारातून भीती बाहेर काढतो आणि आपण दुसऱ्या दाराने तिला सन्मानाने आत आणतो.

मुलींच्या बाबतीत तर आपण भीतीवरच थांबलो नाही. त्यांच्या हाडामांसाला लाज शिकवली. दहा-अकरा वर्षांची मुलगी मोकळेपणी धावते, खदखदून हसते, आणि एके दिवशी घरातली सगळी तोंडे तिला एकाच वेळी उपदेश करू लागतात. मोठ्याने हसू नकोस, ओढणी नीट घे, छाती काढून चालू नकोस. ती पोक काढून चालू लागते. खांदे पुढे झुकले की फासळ्यांना पसरायला जागा उरत नाही. मग दुसरा उपदेश येतो : पोट आत घे, मुलगी पाहायला येणार आहेत. एकीकडून छाती लपवायची, दुसरीकडून पोट लपवायचे. मग श्वासाने जावे तरी कुठे? नेसण कमरेशी करकचून आवळलेले, जेवण सर्वांच्या मागून, रडायचे ते उशीत तोंड खुपसून. तिने थकून उसासा टाकला तर तोही अशुभ. भरल्या घरात उसासे टाकू नयेत, असे तिला बजावले जाते. साचलेला ताण उतरवण्याचा शरीराचा सर्वांत साधा उपाय म्हणजे एक दीर्घ निःश्वास. आपल्या समाजाने तोसुद्धा बाईला निषिद्ध ठरवला. ही क्रूरता कोण्या एका दुष्टाची नाही. आईने ती मायेने केली, आजीने काळजीने केली, म्हणूनच ती इतकी टिकली.

या आंधळेपणाला धर्माचीही मुद्रा होती. ज्या वर्णांना मुंजीचा अधिकार दिला त्यांच्या मुलांना संध्येबरोबर प्राणायाम शिकवला गेला. म्हणजे श्वासाला वळण देण्याचे ज्ञान आपल्याकडे होते, त्याचे महत्त्वही ठाऊक होते. मग ते वाटले कसे? मनुस्मृतीने विवाह हाच स्त्रीचा उपनयनसंस्कार मानला, पतीची सेवा हा तिचा गुरुगृही वास आणि घरकाम हीच तिची अग्निसेवा ठरवली. अशा रीतीने पुरुषाच्या वाट्याला श्वास आला आणि बाईच्या वाट्याला चूल. फुंकणी तोंडाला लावून, डोळे पुसत, ओल्या लाकडांच्या धुरात तिने आपला श्वास चुलीला दिला आणि बदल्यात धूर घेतला. घरातल्या धुराने जगभरात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे मरण पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गॅसची शेगडी घरोघरी पोचवण्याच्या योजना आल्या, तरी सिलिंडर परवडत नाही म्हणून अनेक घरांत चूल आजही पेटते. शूद्रातिशूद्रांना तर ना मंत्र मिळाला ना मोकळी हवा. हाताने मैला साफ करून घेण्यास १९९३ मध्ये कायद्याने बंदी केली, २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. तरीही विषारी वायूने गुदमरून मेलेल्या सफाई कामगारांच्या बातम्या आपण सकाळचा चहा घेताना वाचतो आणि पान उलटतो. एखाद्या समाजात कोणाला किती श्वास मिळतो हे जातीवर आणि लिंगावर ठरत असेल, तर त्या समाजाने प्राणायामाचा वारसा मिरवावा कोणत्या तोंडाने?

आणि ज्यांना तो वारसा मिळाला त्यांनी तरी काय केले? नाकपुड्यांना बोटे लावून घाईघाईने मंत्र पुटपुटणे एवढेच बहुतेकांच्या हाती उरले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले आणि श्वासाच्या क्रिया देवघरातून प्रयोगशाळेत आणल्या. पाहा, मोजा, मग बोला, ही त्यांची रीत होती. त्यांच्या महाराष्ट्राने या वृत्तीचा वारसा किती घेतला? २१ जूनला योगदिनासाठी मैदानात सतरंज्या अंथरल्या जातात, छायाचित्रे निघतात, आणि २२ जूनला त्याच मैदानालगतच्या शाळेत मुले पुन्हा श्वास रोखून बसतात. कोणी प्राणायामाने सर्व रोग बरे होतात असे सांगत सुटतो, कोणी त्याची महागडी शिबिरे भरवतो. जे फुकट आणि सर्वांचे, त्याला आपण आधी सोवळ्यात कोंडले आणि नंतर बाजारात मांडले.

याहूनही सूक्ष्म असे एक पाप आपल्या हातून सध्या घडते आहे. दीर्घ श्वसनाचा उपयोग आता आपण लोकांची सहनशक्ती वाढवण्यासाठी करू लागलो आहोत. बारा-बारा तास राबवून घेणारे कार्यालय कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्तीचे व्याख्यान ठेवते, पण कामाचे तास कमी करत नाही. घरच्या जाचाने खचलेल्या सुनेला 'अनुलोम-विलोम कर, बरे वाटेल' असा सल्ला मिळतो. जाच करणाऱ्याला कोणी काही सांगत नाही. परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या मुलाला श्वास मोजायला लावतात आणि गुणांची अपेक्षा तसूभरही खाली आणत नाहीत. औषध खरे आहे, पण जो रोज विष घालतो त्याच्याच हातून ते दिले जात आहे. श्वासाने मन शांत व्हावे ते अन्याय गिळण्यासाठी नव्हे, त्याला न घाबरता नाही म्हणता यावे यासाठी.

म्हणून ही विद्या टाकून द्यावी असे मुळीच नाही. ती सर्वांना द्यावी, आणि धाक काढून घेऊन द्यावी. तिला मंत्र लागत नाही, गुरुदक्षिणा लागत नाही. उताणे पडावे, गुडघे वाकवावेत, एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवावा. नाकाने सावकाश श्वास घ्यावा; पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा शक्यतो स्थिर राहावा. मग घेतला त्याहून अधिक वेळ लावून श्वास सोडावा. श्वास कोंडून धरू नये, जोर करू नये; चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारावे. रोज पाच-दहा मिनिटे एवढे केले तर पुढे बसल्या जागी, कामाच्या गर्दीतही ते जमू लागते. हे प्रत्येक शाळेत पहिल्या तासाआधी शिकवता येईल. पण शिकवणाऱ्याच्या हातात छडी आणि जिभेवर टोमणा असता कामा नये. हे प्रत्येक घरात आईला करता येईल. पण त्या दहा मिनिटांत तिला कोणी हाक मारता कामा नये, आणि चुलीपाशी तिच्या जागी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी बसावे लागेल.

हे होणार नाही असे मानण्याचे कारण नाही. मुलीने शाळेत जावे, विधवेने केस राखावेत, बायकांनी अंगात जाकीट घालावे, या मागण्यांवर एकेकाळी याच महाराष्ट्राने दगड आणि शेण फेकले, समाजसुधारक आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आज त्या गोष्टींवर वाद घालणेसुद्धा कोणाला सुचत नाही. धाकाचेही तसेच होईल. आपली नातवंडे त्याच्या गोष्टी ऐकून नवल करतील. प्रश्न एवढाच आहे, की तोवर आणखी किती पोटे आवळली जाणार? त्याचे उत्तर घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे मागू नये. ज्याच्या येण्याने इतरांचा श्वास अडतो, त्याने ते द्यायचे आहे. आणि आपल्यापैकी बहुतेकजण कुठल्या ना कुठल्या दारातून आत शिरताना तोच माणूस असतो.