भाकरीपुरता बाप

पैठणची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांची मुले शुद्धिपत्रासाठी तेथील ब्रह्मसभेपुढे उभी राहिली, असे परंपरा सांगते. त्यांचा अपराध एवढाच की, ती जन्मास आली. त्या सभेला आज सर्वच नावे ठेवतात. परंतु वारसा कायद्यात ती सभा अद्याप भरलेलीच आहे.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे तिसरे कलम विवाहबाह्य संततीचे नाते केवळ आईशी आणि परस्परांशी मानते. पिता मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या घरावर वा शेतावर त्या मुलाचा हक्क नाही. हनफी मुस्लिम कायद्यातही असे मूल आईचेच वारस होय. मात्र पोटगीचा प्रश्न आला की तोच पुरुष त्याचा पिता ठरतो. जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता असो वा २०२४ पासून अमलात आलेली नवी, तेथे औरस-अनौरस हा भेद नाही. भाकरीपुरता बाप आणि सातबाऱ्यापुरता परका, असा हा न्याय!

हिंदू विवाह कायद्याचे सोळावे कलम १९७६ साली सुधारले गेले आणि रद्दबातल विवाहातील संतती औरस ठरली. १ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेवणसिद्दप्पा खटल्यात तिला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील आईबापांच्या हिश्शात वाटा दिला. हा निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु ते कलम लागू होण्यासाठी विवाहविधी घडलेला असावा लागतो. पहिली पत्नी हयात असताना दुसरीशी सप्तपदी चालणारा पुरुष कायद्याने गुन्हेगार. त्याच्या मुलाला वाटा मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. पण लग्नाचे वचन देऊन फसविलेल्या शेतमजूर स्त्रीचे मूल रिकाम्या हाताने परतते. त्या मुलाने कोणता अधिक गुन्हा केला?

परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी परंपरा तरी वाचावी. ज्या कल्याणीत विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली, ते आजचे बसवकल्याण १९५६ पर्यंत औरंगाबादप्रमाणेच हैदराबाद राज्यात होते. मिताक्षरेने त्रैवर्णिकांच्या दासीपुत्राला केवळ पोटगी दिली, तर शूद्राच्या दासीपुत्राला पित्याच्या मालमत्तेत वाटा दिला. तो न्याय जातीने नासलेला होता, यात शंका नाही. परंतु १९५६ च्या कायद्याने ही विषमता मिटविली ती वंचितांना हक्क देऊन नव्हे, तर शूद्राच्या मुलाचाही हक्क काढून घेऊन! याला समता म्हणावयाचे काय?

विवाहित पत्नीवर अन्याय होईल, अशी ओरड होते. तिचा वाटा काहीसा घटेल, हे खरे. पण आणखी एक औरस अपत्य जन्मले तरी तो घटतोच. तेव्हा कोणी अन्यायाची भाषा करीत नाही. फसवणूक पुरुषाने केली असेल, तर तिची किंमत दोन स्त्रियांनी आणि एका बालकाने का मोजावी?

पितृत्व सिद्ध झाले की समान वाटा, आणि तोही सर्वधर्मीय मुलांना, हीच न्याय्य मागणी आहे. ती संसदेत पोहोचेपर्यंत छत्रपती संभाजीनगरच्या कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. वारसनोंदीच्या वेळी तलाठ्यासमोर एकाकी उभ्या राहणाऱ्या स्त्रीला २०२३ च्या निर्णयाची माहिती देणे आणि तिच्या मुलाचा हक्क परस्पर डावलला जात असेल, तर फेरफाराला लेखी हरकत नोंदविण्यास तिला साहाय्य करणे, हे काम आजही हाती घेता येईल. पैठणचे शुद्धिपत्र आता मुलांनी मागावयाचे नाही. ते कायद्याने मागावयाचे आहे.