नळे कोण परतणार?

मे महिना सरत आला की आरोंद्यातल्या छपरांवर माणसं चढायची. फुटके नळे काढायचे, सरकलेले जागेवर बसवायचे, माकडांनी घातलेला धिंगाणा निस्तरायचा. माझी आजी अंगणात उभी राहून वरच्या गड्याला बोट दाखवायची, "थंय वायच बघ रे." तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "घर बांधूक एकदा पैसे लागतत, राखूक दरवर्षी."

वास्तुशांतीला गाव जेवायला येतं. नळे परतायला एक गडी येतो, चहा पितो, मजुरी घेतो आणि जातो. पण आषाढात अंथरूण कोरडं राहतं ते त्या गड्यामुळे. हे कोकणात पोरासोरांनाही कळतं. हीच गोष्ट विमानतळाच्या बाबतीत आपल्याला का कळत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्याचा विमानतळ परुळे-चिपीच्या सड्यावर आहे. धावपट्टी अडीच किलोमीटरची. त्याच्या तारखा आठवून बघा. सप्टेंबर २०१८ मध्ये, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, चाचणीचं विमान गणपतीची मूर्ती घेऊन उतरलं. मार्च २०१९ मध्ये एक उद्घाटन झालं. ९ ऑक्टोबर २०२१ ला दुसरं झालं, आणि खरी विमानं तेव्हा सुरू झाली. व्यासपीठावर कोण कुणाला काय बोललं, हे आपल्याला अजून पाठ आहे. मीही त्या दिवशी स्टेटस ठेवलं होतं. मग उडान योजनेतली तीन वर्षं संपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अलायन्स एअरचं मुंबईचं विमान थांबलं. त्याच्या दोनेक महिने आधी फ्लाय९१ ने पुण्याची सेवा सुरू केली होती. या सगळ्या काळात आपण दोनच प्रश्न विचारले. विमान कधी सुरू होणार? तिकीट कितीला? ज्या पट्टीवर ते उतरणार, तिची तब्येत कशी आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

धावपट्टी म्हणजे रुंद रस्ताच की, असं वाटतं. पण रस्त्यावर खड्डा चुकवता येतो. एटीआर ७२ सारखं छोटं विमानही भरल्यावर २३ टनांच्या आसपास जातं, ए३२० सुमारे ७८ टनांवर. ते ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या वेगाने टेकतं. टेकण्याच्या क्षणी त्याची चाकं फिरत नसतात. ती आधी घासतात, रबर वितळतं आणि डांबराला चिकटतं. धावपट्टीवर दिसणारे काळे पट्टे ते हेच. उन्हाळ्यात ते निरुपद्रवी वाटतात. पावसात त्यांच्यावर पाणी साचलं की चाक डांबराला धरत नाही, पाण्याच्या थरावर घसरत जातं. म्हणून जोरदार फवाऱ्याने ते रबर खरवडून काढावं लागतं. चाकाला पकड किती मिळते, हे खास गाडी चालवून मोजावं लागतं. मधोमध किंचित उंच ठेवलेला उतार आणि कडेची गटारं मोकळी आहेत का, ते बघावं लागतं.

दुसरा शत्रू म्हणजे भेग. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. केसाएवढ्या भेगेतून पाणी आत जातं आणि खालचा थर भुसभुशीत करतं. वरून चाक गेलं की तेच पाणी दाबाने बाहेर येताना बारीक माती घेऊन येतं. पुढच्या पावसाळ्यात भेगेची जाळी होते, त्यापुढच्या वर्षी खडी सुटते. सुटलेला एक खडा इंजिनात गेला की काय होतं, ते वैमानिकाला विचारा. पॅरिसमध्ये २५ जुलै २००० ला काँकर्डच्या टायरखाली धातूची पट्टी आली. आधी उडालेल्या विमानातून पडलेली, हातभरही लांब नसलेली. ११३ माणसं गेली. म्हणून चांगल्या विमानतळावर रोज कुणीतरी धावपट्टी डोळ्यांनी तपासत जातो. त्याचा फोटो कधी छापून येत नाही.

भेग वेळेवर डांबराने बुजवली तर काम थोडक्यात आटोपतं. ती सोडून दिली तर अख्खी पट्टी उकरून नवा थर घालावा लागतो, आणि तेवढे दिवस विमानतळ बंद. नळ्याचं गणित हेच. एक नळा बदलायचा कंटाळा केला की वासा कुजतो.

कुणी म्हणेल, चिपीला विमानं आहेतच किती, झीज कसली होणार? हा गैरसमज आहे. डांबर उन्हाने कडक होतं आणि तडकतं, त्याला विमान लागत नाही. तडीत माती बसते, मातीत गवत उगवतं, मूळ तड रुंदावतं. बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर पडतं, हे चाकरमान्यांच्या गावात राहणाऱ्यांना मी काय सांगू?

हे जमत नाही असं नाही. मुंबईचा विमानतळ देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक. तिथली मिनिटं पैशात मोजली जातात. तरी पावसाळ्याआधी मे महिन्यात एक दिवस तिथल्या दोन्ही धावपट्ट्या बंद ठेवतात. २०२५ मध्ये ८ मे रोजी सकाळी ११ ते संध्याकाळी ५. तारीख आधी जाहीर होते आणि विमान कंपन्या त्याप्रमाणे वेळापत्रक लावतात. म्हणजे मुंबईसुद्धा नळे परतते. तरीही त्याच वर्षी २१ जुलैला धो धो पावसात कोचीहून आलेलं विमान तिथे धावपट्टीबाहेर गेलं. माणसं वाचली. एवढी निगा राखणाऱ्यालाही पाऊस सोडत नाही, तर निगा न राखणाऱ्याचं काय?

आता सगळ्यात जोरदार आक्षेप. आरोंद्याच्या माणसाने चिपीची काळजी का करावी? किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा, आणि पेडण्यातला मोपा हाकेच्या अंतरावर. जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात, धावपट्टी साडेतीन किलोमीटरची. खरं सांगायचं तर मीही मोप्यालाच जातो. चिपी हवीच, असं माझं म्हणणं नाही. चिपी नको असेल तर तसं उघड सांगा. परुळे-चिपीच्या ज्या लोकांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यासमोर उभं राहून सांगा. पण "विमानतळ आहे" असं भाषणात म्हणायचं आणि त्याला पावसाच्या हवाली करायचं, ही तिसरी वाट बंद करा. कारण उद्या दुसऱ्या कुठल्या सड्यावर दुसरा प्रकल्प येईल, आणि तेव्हाही विकासासाठी जमीन मागितली जाईल.

राखणदारीत आपण कुठे कमी पडतो, हे मालवणने आपल्याला दाखवलं आहे. राजकोट किल्ल्यावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झालं. नटबोल्ट गंजल्याचं सार्वजनिक बांधकाम विभागाचं पत्र २० ऑगस्ट २०२४ चं आहे. पुतळा कोसळला २६ ऑगस्टला. बांधकामाची चौकशी झाली, ती व्हायलाच हवी होती. पण मला त्या सहा दिवसांची जास्त भीती वाटते. गंज दिसला होता, कागदावरही आला होता. त्या कागदावर धावून जाणं हे कुणाचं काम होतं?

उलट उदाहरणही जवळच आहे. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. पोर्तुगिजांची सत्ता एका दिवसात जाणार होती. तरी त्यांनी घाईघाईने धावपट्टी डागडुजी करून चालती केली आणि दोन विमानं अंधारात निसटली. बुडत्या राज्याला जे एका रात्रीत सुचलं, ते आपल्याला निवांत वर्षभरात सुचायला हरकत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. राज्यातल्या प्रत्येक विमानतळाने वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, धावपट्टीची स्थिती मराठीत जाहीर करावी. पकड किती भरली, भेगा किती बुजवल्या, गटारं कधी उपसली, पुढचा थर कधी घालणार आणि त्याचे पैसे कुठे ठेवलेत. एका पानात मावेल. शाळेचा निकाल जाहीर होतो, धरणातला पाणीसाठा जाहीर होतो, मग याचंच काय गुपित? आणि नव्या विमानतळाची घोषणा करताना बांधकामाच्या आकड्याशेजारी पुढच्या वीस वर्षांच्या राखणीचा आकडाही वाचून दाखवावा. तो वाचताना आवाज अडखळला, तर टाळ्या वाजवू नका.

आपल्यालाही एक काम आहे. पहिल्या विमानाची रील आपण सगळ्यांनी फिरवली. आता कुठल्याही नेत्याच्या पोस्टखाली "विमान कधी?" लिहिण्याआधी "धावपट्टी कधी तपासली?" हे लिहा. त्याला लाइक कमी मिळतील. नळे परतणाऱ्यालाही टाळ्या मिळत नव्हत्या.

जूनमध्ये पाऊस येतो, हे आरोंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. मुंबईत मंत्रालयात कुणीतरी सांगायला हवं.