घरच्या घरी इंजिन बदलताय? पान्याआधी कागद हातात घ्या

पंधरा वर्षे जुनी गाडी, धूर ओकणारे इंजिन आणि मोबाइलवर पाहिलेले डझनभर व्हिडिओ. एवढ्या भांडवलावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन उतरवायला निघणारे हौशी मेकॅनिक नवी मुंबईतही आहेत. ही हौस वाईट नाही. चांगली बॉडी भंगारात घालण्यापेक्षा गाडी दुरुस्त करून वापरणे शहाणपणाचेच. मात्र इंजिनासोबत त्याचा नंबरही बदलतो आणि खरी गोम तिथेच आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी हवी. मंजुरीविना बदलले असेल, तर १४ दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. दहा किंवा अधिक व्यावसायिक वाहनांच्या मालकाला त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन मंजुरीविना बसवण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. एका गाडीच्या मालकाला मात्र वाशी किंवा पनवेलचे आरटीओ गाठावेच लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

मोठे इंजिन का नको?

हिंदुस्तान मोटर्सने १९९० च्या दशकात अॅम्बेसिडरला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन दिले, तेव्हा सोबत पाच गिअरचा गिअरबॉक्सही दिला. ताकद वाढली की ब्रेक, क्लच, रेडिएटर आणि माउंटिंग यांनाही ती पेलावी लागते. नव्या गाड्यांत तर ईसीयू आणि वायरिंग जुळले नाही, तर इंजिन सुरूच होत नाही. म्हणून हौशी माणसाने त्याच मॉडेलचे इंजिन निवडावे.

धोका कुठे?

बिलाशिवाय घेतलेले स्वस्त इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले, तर पोलिस आधी सध्याच्या मालकालाच गाठतील. पॉलिसीवर जुना इंजिन नंबर राहिला, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. मजबूत स्टँड, भार पेलणारी चेन पुली आणि मदतीला दुसरा माणूस हवाच. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. काढलेले ऑइल चेंबरमध्ये ओतू नये. इथले पावसाळी नाले धारण तलावांना आणि खाडीला मिळतात. ते डब्यात भरून गॅरेजमार्फत अधिकृत पुनर्प्रक्रियेला द्यावे.

मग करावे काय?

आधी बिल, मग आरटीओची मंजुरी, गाडी कर्जावर असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमती आणि त्यानंतर पाना. काम झाल्यावर तपासणी, आरसीवर नवा नंबर आणि विमा कंपनीला कळवणे. एवढे केले, तर घरी केलेले कामही गॅरेजइतकेच कायदेशीर ठरते.

जबाबदारी एकट्या मालकाची नाही. लागणाऱ्या कागदांची एका पानाची मराठी यादी आणि तपासणीचा ठरलेला वार आरटीओने दर्शनी भागात लावावा. वाट सरळ असेल, तर चोरवाट धरणारे कमी होतात. नोंद न झालेले इंजिन पुढच्या खरेदीदाराच्याही गळ्यात पडते आणि त्या बिचाऱ्याने तर पानाही हातात घेतलेला नसतो.